सरकी, सिंदी मेघे आणि तिसरा मजला

मे महिना. वर्धा. लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगचा तिसरा मजला. आणि घरात कुत्र्याचं एवढंसं पिल्लू, ज्याला शू कुठे करायची असते हेच ठाऊक नाही. ऐकूनच घाम फुटला ना? मला तर खराखुरा फुटत होता. बेचाळीस डिग्री झालं की इथले लोक ‘आज जरा बरं आहे’ म्हणतात.

थोडं बॅकग्राउंड देते. मी पक्की पुणेकर, नोकरी बँकेत. गेल्या वर्षी मार्चमध्ये वर्ध्याला ट्रान्सफर झाली, तेव्हा माझ्या ग्रुपमधल्या निम्म्या लोकांनी वर्धा नेमकं कुठे ते आधी मॅपवर शोधलं. नागपूरपासून साधारण पाऊणशे किलोमीटर. १८६६ मध्ये इंग्रजांनी पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी वसवलेलं गाव, त्यामुळे जुन्या भागातले रस्ते अजूनही बऱ्यापैकी सरळ. मला फ्लॅट मिळाला सिंदी मेघेत. पुण्यात ज्या भाड्यात मी दोघींबरोबर एक हॉल शेअर करत होते, त्यात इथे दोन बेडरूम, दोन बाल्कन्या आणि खिडकीतून दिसणारं एक कडुलिंबाचं झाड. रेंट अ‍ॅग्रीमेंट वाचताना मला रडूच यायचं बाकी होतं, आनंदाने!

एप्रिलच्या मध्यावर पार्किंगमध्ये माझ्या स्कूटीच्या चाकाला चिकटून हे पिल्लू बसलेलं सापडलं. आई नाही, भावंडं नाहीत. दोन दिवस मी, समोरच्या आजी आणि झाडूवाल्या मावशी आळीपाळीने खाली जाऊन बघत होतो. तिसऱ्या दिवशी मी ते उचलून वर आणलं. गोल, पांढरट, अंगावर करडी झाक. समोरच्या आजी बघताच म्हणाल्या, “अगं बाई, सरकीच दिसते!” कापसाच्या बीला सरकी म्हणतात हे मला पुस्तकातून माहीत होतं. कापसाच्या जिल्ह्यात राहून कुत्रीचं नाव ब्राउनी किंवा बेला ठेवणं बरं दिसलं नसतं. म्हणून सरकी.

चौथ्या दिवशी नोटीस बोर्डवर कागद लागला. सोसायटीची मीटिंग, जूनचा तिसरा रविवार. विषय १, पाण्याची टाकी. विषय २, पार्किंग. विषय ३, ‘तिसऱ्या मजल्यावरील श्वान’. सेक्रेटरी काका जिन्यात भेटले. “मॅडम, राग मानू नका. पण तोवर जिन्यात घाण दिसली, वास आला, तर कठीण होईल. झाडूवाली बाई काय रोज कुत्र्याचं काढणार?” माझे घरमालक नागपूरला असतात. ते फोनवर म्हणाले, सोसायटी ठरवेल ते मला मान्य. थोडक्यात, माझ्या हातात दोन महिने होते.

आता कायद्याचं म्हणाल तर तो माझ्या बाजूचा होता. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. २०२१ मध्ये केरळ हायकोर्टानेही अशा बंद्या बेकायदा ठरवल्या. मी दोन्हीचे प्रिंटआउट काढून फाइलमध्ये लावले आणि फाइल कपाटात ठेवली. भाडेकरूने कायदा बाहेर काढला की घरमालकाला पुढच्या अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट आठवतं, हे मी पुण्यात दोनदा बघितलंय. शिवाय ज्या बिल्डिंगमध्ये उन्हाळ्यात शेजारी न मागता कैरीचं पन्हं आणून देतात, तिथे एकदम हायकोर्ट काढणं जरा ओव्हरच झालं असतं.

तर, ट्रेनिंग. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात मी दोन बकऱ्या आणि एका चिडलेल्या गोऱ्ह्याच्या मागे नंबर लावून उभी राहिले. डॉक्टरांनी सरकीचे दात बघितले, सात आठवड्यांची असेल म्हणाले, आणि सगळ्यात आधी सांगितलं की सगळे डोस पूर्ण होईपर्यंत पिल्लाला जमिनीवर फिरवायचं नाही. पार्व्होचा व्हायरस मातीत महिनोन् महिने टिकतो, आणि लस पूर्ण न झालेलं पिल्लू त्यात वाचेलच याची खात्री नसते. शेवटचा डोस सोळाव्या आठवड्याच्या आसपास. म्हणजे गंमत बघा. कुत्र्याला बाहेर जाऊन शू करायला शिकवायचं, पण बाहेर न्यायचं नाही! बंगलेवाल्यांना अंगण असतं, तिथे बाहेरचं कुत्रं येत नसेल तर निभतं. फ्लॅटवाल्यांनी काय करायचं?

डॉक्टरांकडे याचं उत्तर होतं. साडेआठ-नऊ आठवड्यांच्या सुमारास पिल्लाची ‘पायाखाली काय लागलं की मोकळं व्हायचं’ ही आवड पक्की व्हायला लागते. त्या वयात टाइल्सवर सवय लागली तर टाइल्स आवडतात, वर्तमानपत्रावर लागली तर जन्मभर तुमचा पेपर धोक्यात. म्हणून बाल्कनीतच माती आणि गवत द्या. पिल्लाच्या पायाला जे पुढे बाहेर लागणार आहे, तेच आता घरात लागू द्या.

मी नर्सरीत गेले. वर्ध्याची माती म्हणजे काळी, कपाशीची, भारी. पाणी पडलं की लोण्यासारखी चिकटते आणि सुकली की भेगा पडतात. नर्सरीतल्या ताईंनी टबचा उपयोग ऐकून कपाळाला हात लावला. “काळी नका नेऊ वो. पायाले चिकटन आन् घरभर नक्षी काढन ते. खाली मुरूम टाका, वरतून लॉन.” तसंच केलं. एक पसरट प्लॅस्टिकचा टब, तळाला भोकं, खाली ताटली, चार बोटं मुरूम आणि वर लॉनचा चौकोनी तुकडा. दर आठ-दहा दिवसांनी नवा तुकडा. एकूण खर्च पुण्यात दोन जणांनी वीकेंडला पिझ्झा खावा इतका.

मग सुरू झाली घड्याळाशी मारामारी. साधारण नियम असा की पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवा, तितके तास ते जास्तीत जास्त धरू शकतं. दोन महिन्यांची सरकी, म्हणजे तीन तास. हेही कागदावर. जागी झाली की शू. खाल्लं की पंधरा-वीस मिनिटांत शी. खेळली की परत शू. आणि वर्ध्याच्या उन्हाळ्यात पिल्लू पाणी किती पितं! पाणी तोडणं तर शक्यच नाही, तसं केलं तर ते उन्हाने आडवं होईल. म्हणजे पुस्तकातले तीन तास इथे दोनवर येतात. त्यातून कूलर. कूलरसमोरची गार, ओलसर फरशी ही सरकीच्या मते या कामासाठी देवाने बनवलेली जागा होती. मी कूलरची दिशाच बदलली, आणि त्या कोपऱ्यात तिचं अंथरूण टाकलं. कुत्रं आपल्या झोपायच्या जागी घाण करत नाही. तीनेक आठवड्यांचं झालं की ते धडपडत का होईना, झोपायच्या जागेपासून लांब जायला लागतं. आपल्याला फक्त या स्वभावाचा फायदा घ्यायचा असतो.

इथे वर्ध्याने मला वाचवलं, आणि हे मी पुण्याच्या माणसांना मुद्दाम सांगते. माझी बँक घरापासून स्कूटीवर सात मिनिटं. साडेनऊला निघायचं, लंच ब्रेकमध्ये घरी, वीस मिनिटांत सरकीला टबावर नेऊन, शाबासकी देऊन, तिला आणि मला जेवायला घालून परत काउंटरवर. दुपारी चारच्या सुमारास समोरच्या आजी किल्ली घेऊन एक राउंड मारत. पुण्यात माझा निव्वळ एक सिग्नल सात मिनिटांचा होता. तिथे सकाळी साडेआठ ते रात्री आठ बंद फ्लॅटमध्ये पिल्लू ठेवणारे लोक मला माहीत आहेत, आणि मग ‘आमचा डॉगी ऐकतच नाही’ म्हणतात. ऐकणार काय तो बिचारा? ब्लॅडर आहे, रेकरिंग डिपॉझिट नाही, की मुदत संपेपर्यंत साठत राहील.

शाबासकीची पण एक वेळ असते. काम झाल्या झाल्या, दोन-तीन सेकंदांत. उकडलेल्या चिकनचा शेंगदाण्याएवढा तुकडा आणि “शाब्बास सरकी!” तुम्ही किचनमधून बिस्किट आणायला गेलात की संपलं, तिला वाटतं बिस्किट किचनकडे धावल्याबद्दल मिळालं. आणि चुकीच्या जागी झालं तर? काही नाही. गुपचूप पुसायचं. नाक घासणं, पेपरची गुंडाळी करून मारणं हे सगळं जुनं आणि निरुपयोगी. त्यातून पिल्लू एवढंच शिकतं की या बाईसमोर करायचं नाही, सोफ्यामागे करायचं. पुसायला फिनेल मी बंद केलं, कारण ते कुत्र्यांना बरं नाही. अमोनियावाले क्लीनर तर त्यांच्या नाकाला शूसारखेच वाटतात, म्हणजे आपणच बोर्ड लावल्यासारखं. एन्झाइमवालं क्लीनर मी ऑनलाइन मागवलं. ते येईपर्यंत व्हिनेगर आणि पाणी.

तेवढ्यात आजींनी प्रेमाने वाटीभर गाईचं दूध पाजलं. पुढचे दोन दिवस मी काय काय पुसलं ते इथे लिहीत नाही, तुम्ही हे वाचताना कदाचित काही खात असाल. दूध पिल्लांच्या पोटाला झेपेलच असं नाही. वर्ध्याच्या गोरसपाकाचंही तेच. गाईच्या तुपातला तो खुसखुशीत प्रकार तुम्ही जरूर खा, डबे भरून घरी न्या, पण कुत्र्यापासून चार हात लांब.

रात्री दोन वाजता, नवतपाच्या उकाड्यात, बाल्कनीत टबाशेजारी उभं राहून पिल्लाची वाट बघताना माणूस बराच विचार करतो. माझ्या डोक्यात सेक्रेटरी काकांचं ते वाक्य फिरत असायचं. झाडूवाली बाई काय रोज कुत्र्याचं काढणार? मुळात तिने काढावं असं मी म्हटलंच नव्हतं. पण घाण म्हटली की ती उचलणारी बाई लगेच डोळ्यांसमोर यावी, हे मला खटकत राहिलं. आणि ते नेमकं या गावात बोललं गेलं याची तर गंमतच वाटली.

कारण हा वाद वर्ध्यात नव्वद वर्षं जुना आहे! १९३५ मध्ये गांधीजी वर्ध्याच्या मगनवाडीत राहत होते. तिथून महादेवभाई देसाई, मीराबेन आणि बाकीची मंडळी सकाळी बादल्या-फावडी घेऊन जवळच्या सिंदी गावात जात आणि रस्त्याकडेची माणसांची घाण उचलत. रोज. गावकरी बघत राहत, मदतीला फारसं कुणी येत नसे. पुढे १९३६ मध्ये गांधीजी शेगावला राहायला गेले, त्याचंच १९४० मध्ये सेवाग्राम झालं. आश्रमात नियम साधा होता, संडास ज्याने त्याने साफ करायचा, त्यासाठी वेगळ्या जातीचा माणूस ठेवायचा नाही. एका रविवारी मी सेवाग्रामला गेले, शहरापासून आठेक किलोमीटर. लोक बापू कुटीतली बसायची चटई, चरखा, साप पकडायचा तो लाकडी चिमटा यांचे फोटो काढत होते. मी शेजारच्या संडासापाशी रेंगाळले. ज्याच्यासाठी व्हाइसरॉयने फोनची लाइन टाकून दिली, तो माणूस स्वतःचा संडास स्वतः साफ करत होता. मी आयुष्यात पहिल्यांदा रोज स्वतःच्या हाताने कुणाची तरी घाण काढत होते, म्हणून कदाचित ते मला दिसलं. आधी दोनदा आले होते तेव्हा नव्हतं दिसलं.

विनोबांची गोष्ट त्याहून भारी. १९४६ ते ४८ च्या सुमारास ते पवनारहून खांद्यावर फावडं टाकून रोज चालत सुरगावला जात आणि गावाची सफाई करून परत येत. पावसाळ्यात एकदा वाटेतला नाला भरून वाहत होता. पलीकडे जाता येईना, तर त्यांनी पलीकडच्या माणसाला ओरडून सांगितलं की देवळातल्या देवाला कळव, गावचा भंगी येऊन गेला. आणि मग ते परत फिरले. आता कृपा करून असं समजू नका की मी गावकऱ्यांची तुलना पिल्लाशी करतेय. तुलना झालीच तर माझी आणि फावडेवाल्याची, आणि त्यातही मी कुठेच बसत नाही. पण पहाटे साडेपाचचा अलार्म वाजला की मला तो नाला आठवायचा आणि मी उठायचे. पवनारला जाल तर धाम नदीच्या काठी जरा बसा. संध्याकाळी तिथे वारा असतो.

कुत्र्यांवर गांधीजींनीही लिहिलंय बरं का! १९२६ मध्ये अहमदाबादेत एका गिरणीमालकाने साठ भटकी कुत्री मारवली, त्यावरून ‘यंग इंडिया’त कित्येक आठवडे वाद चालला. गांधीजींनी त्या गिरणीमालकाची बाजू घेतली, ते मला काही पटत नाही. पण त्यांचा एक मुद्दा पटतो. रस्त्यावरच्या कुत्र्याला तुकडा टाकून दया केल्याचं समाधान मिळवणं सोपं, त्याला घरचं करून जबाबदारी घेणं अवघड. आमच्या बिल्डिंगमध्ये रोज गेटबाहेर कुत्र्यांना पोळी टाकणारे तीन जण आहेत. तिघांचीही विषय ३ वर सही होती! ज्यांना पिल्लू ठेवणं शक्य नाही, त्यांच्यासाठी पिपरी मेघेला ‘पीपल फॉर अ‍ॅनिमल्स’चा करुणाश्रम आहे, तिथे जखमी-अनाथ प्राण्यांना आसरा मिळतो. मीटिंगमध्ये हरले तर सरकी तिथे, असं मी मनात ठरवून ठेवलं होतं. कुणाला बोलले नव्हते.

जून उजाडेपर्यंत टबाची सवय चांगली लागली होती. दहातले नऊ वेळा टब. आधी जमीन हुंगणार, मग तीन गिरक्या, मग बाल्कनीकडे धाव. या गिरक्या ओळखता आल्या की अर्धं काम झालं. मावशी एकदा म्हणाल्या, “मॅडम, माणसाचं पोट्टं दोन दोन वर्सं ऐकत नाई. हे तर दीड महिन्यात शिकलं.” मावशींना मी तोवर जिन्यात एक थेंबही पुसू दिला नव्हता. गच्चीवर मात्र सरकीला सक्त बंदी. उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर वाळवणांचं राज्य असतं, कुरडया, पापड, सांडगे, जुन्या साड्यांवर ओळीने. पहिल्या मजल्यावरच्या काकू त्या राज्याच्या सम्राज्ञी. आणि विषय ३ मांडणाऱ्याही त्याच.

मीटिंगच्या आठवडाभर आधी गॅसवाला सिलिंडर ठेवून गेला आणि जाताना त्याने दार उघडं टाकलं. मी पैसे मोजून वळते तर सरकी गायब. जिन्यात वर पावलांचा खडखड आवाज. मी गच्चीवर पोचले तेव्हा ती कुरडयांच्या साडीपाशी उभी होती, आणि साडीच्या दुसऱ्या टोकाला काकू, हातात काठी. सरकीने साडी हुंगली. एक गिरकी घेतली. दुसरी. काकूंनी काठी उचलली, मी ‘नको’ म्हणेपर्यंत तिसरी गिरकी अर्धवट सोडून सरकी माझ्या पायांमधून सुटली, एक मजला खाली, उघड्या दारातून थेट बाल्कनीत. आम्ही दोघी मागोमाग. ती टबात बसली होती, चेहऱ्यावर प्रचंड समाधान.

काकू बराच वेळ टबाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, “वास नाही येत?” मी म्हटलं, रोज वरचं उचलते, पाणी मारते. “हूं,” म्हणाल्या, आणि गेल्या.

मीटिंगला मी फाइल घेऊन गेले होते. पाण्याच्या टाकीवर पावणेदोन तास भांडण झालं, पार्किंगवर एक तास. विषय ३ आला तेव्हा निम्मी मंडळी उठली होती. सेक्रेटरी काकांनी काकूंकडे बघितलं. काकू म्हणाल्या, “राहू द्या हो, तिला गच्चीवर येऊ देऊ नका म्हणजे झालं.” मिनिट्समध्ये लिहिलं गेलं, ‘विषय ३ पुढील सभेत घेण्यात यावा’. पुढची सभा अजून व्हायची आहे. मालकांनी अ‍ॅग्रीमेंट रिन्यू केलं, भाडं पाचशेने वाढवून.

जूनच्या शेवटी सरकीचा शेवटचा डोस झाला. पाऊस पडून गेला होता, जमीन गार होती. उन्हाळ्यात सकाळी सातनंतर डांबरी रस्त्याला हाताची उलटी बाजू पाच सेकंद लावून बघा, तुम्हालाच कळेल पिल्लाला तिथे का चालवू नये. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी तिला पट्टा लावून समोरच्या रिकाम्या प्लॉटवर नेलं. अर्धा तास फिरलो. तिने सगळं जग हुंगलं आणि काहीच केलं नाही. घरी आणलं, तर जिने चढून धापा टाकत थेट टबात! बाल्कनीत शिकलेल्या कुत्र्यांचं असं होतं, बाहेरचं जग त्यांना फिरायला असतं आणि हे काम घरचं.

मग मी लॉनचा तुकडाच खाली न्यायला लागले. सकाळी सहाला एका हातात पट्टा, दुसऱ्या हातात कालचा वास असलेला गवताचा चौकोन. ऑफिसला निघालेले लोक थांबून बघायचे. तो तुकडा प्लॉटच्या कोपऱ्यात ठेवायचा, ती त्यावर बसणार, चिकन, शाब्बास, उरलेलं पिशवीत उचलायचं. दर तीन दिवसांनी मी तुकडा थोडा कापून लहान करत गेले. शेवटी तळहाताएवढा राहिला. त्या दिवशी सरकीने तो नीट हुंगला, ओलांडला आणि शेजारच्या गाजरगवतात जाऊन तीन गिरक्या घेतल्या.